कॅटमिंटच्या बियांचं पाकीट: चित्र एक, झाड दुसरं

कॅटमिंट म्हणजे पुदिन्याच्या कुळातलं फुलझाड. ऑनलाइन मिळणाऱ्या त्याच्या बियांच्या या पाकिटावर निळ्या-जांभळ्या फुलांचा ताटवा छापलाय, खाली ‘बहुवर्षायू, पूर्ण ऊन’. चित्रातलं झाड नेपेटा फासेनी हा संकर. 2007 साली अमेरिकेत ‘पेरेनियल प्लांट ऑफ द इयर’ ठरलेली ‘वॉकर्स लो’ ही जात यातलीच. हा संकर बी धरत नाही. रोपं छाटकलमानं किंवा गड्डा फोडूनच होतात. मग पाकिटात काय? नेपेटा कॅटारिया, म्हणजे मांजरांना वेड लावणारं कॅटनिप. बी खसखशीहून जरा मोठं, तपकिरी, भिंगाखाली धरलं की टोकाशी दोन पांढरे ठिपके दिसतात. झाड उंच वाढतं, फुलं पांढरट. झाडात खोट नाही, पण ग्राहकाची फसगत होतेच.

उगवण मात्र चांगली. दसरा-दिवाळीच्या सुमारास, रात्री गार व्हायला लागल्या की ट्रेमध्ये पेरा, वरून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसतं भुरभुरा. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. चार-सहा पानांवर रोप 12 इंची कुंडीत हलवा.

जळगाव-भुसावळकडची काळी माती या झाडाची वैरीण. पावसात ती पाणी धरून बसते, मुळं कुजतात, आणि बुंधा काळा पडेपर्यंत वरून काही कळत नाही. म्हणून एक भाग माती, एक भाग जाड वाळू, अर्धा भाग गांडूळखत. युरिया नकोच, फांद्या लुसलुशीत होऊन लोळतात.

‘पूर्ण ऊन’ ही सूचना थंड मुलखातली. आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा मार्चपासून फक्त सकाळचं ऊन, नंतर हिरवी जाळी. पहिला बहर ओसरला की झाड निम्म्यावर छाटा, पण मे महिन्यात कात्री लावू नका, उघडे पडलेले बुंधे करपतात. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली घ्या. फेब्रुवारीत कळी नसलेल्या शेंड्यांची तीन-चार इंची कलमं वाळूत लावून ठेवा. मूळ झाड गेलं तरी वाण हातात राहतो.

कोवळ्या रोपांवर तारेची जाळी हवीच. चुरडलेल्या पानांच्या वासाला मांजरं येतात आणि थेट कुंडीत लोळतात.

पाकिटाला पाचपैकी अडीच गुण. मांजरासाठी हवं असेल तर घ्या. निळा ताटवा हवा असेल तर मुळं धरलेलं रोप थंडीच्या तोंडावर मागवा, एप्रिलमध्ये ते खोक्यातच उकडून येतं.