दुबईत माणूस गेला तर बॉडी गावी आणायची की अस्थी?

दुबईत कुणी गेलं की घरचे पहिलं हेच विचारतात, बॉडी कधी येणार. पण तिथेच जेबेल अलीच्या स्मशानात दहन करून अस्थी आणता येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

बॉडी आणायची म्हणजे आधी हॉस्पिटल-पोलिसांचे कागद, मग डेथ सर्टिफिकेट, मग भारतीय कॉन्सुलेटमध्ये मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करून एनओसी, मग एम्बामिंग (बॉडी खराब होऊ नये म्हणून करायची प्रक्रिया) आणि त्याचंही सर्टिफिकेट, मग कार्गोचं बुकिंग, आणि इकडे मुंबईला एअरपोर्ट हेल्थ ऑफिसरचं क्लिअरन्स, ज्याचा अर्ज आता केंद्र सरकारच्या ई-केअर पोर्टलवर आधीच टाकता येतो. पुढे सांगली-रत्नागिरीपर्यंत अॅम्ब्युलन्सचा खर्च वेगळाच. पण म्हाताऱ्या आईला शेवटचं तोंड बघायला मिळतं, त्याचा हिशोब कसा करणार?

अस्थींचं त्यामानाने सुटसुटीत. एम्बामिंग नाही, कार्गोची भानगड नाही, डेथ सर्टिफिकेट, दहनाचा दाखला आणि एनओसी घेऊन नातेवाईक स्वतःच विमानातून आणतो. फक्त जवळच्या वारसांची लेखी संमती लागते, आणि भावकीत तिथेच घोडं अडतं. बायको-मुलं दुबईतच राहत असतील तर मला हाच मार्ग बरा वाटतो.

अपघात असेल तर मात्र बॉडी आणा की अस्थी, पोलिस तपासासाठी थांबावंच लागतं. आणि सौदीत हा चॉइसच नाही, दहनाला परवानगी नाही, एकतर तिथे दफन नाहीतर बॉडी भारतात. कंपनीने हात वर केले आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर दूतावासाकडे आयसीडब्ल्यूएफ फंडातून (परदेशातल्या भारतीयांसाठीच्या सरकारी मदतनिधीतून) मदत मागा, दाद लागली नाही तर सरळ परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका.