पिन बोटांच्या वर की खाली? पुण्याला बोलिंगचा बॉल ड्रिल करायला निघण्याआधी

बॉल कुठला घ्यायचा हे एव्हाना ठरलं असेल. ड्रिलरचा (बॉलला भोकं पाडून देणाऱ्याचा) पुढचा प्रश्न असतो लेआउटचा, म्हणजे बॉलवरच्या पिनच्या (आतल्या कोअरचं, म्हणजे गाभ्याचं, टोक दाखवणाऱ्या खुणेच्या) हिशोबानं बोटांची भोकं कुठं पाडायची याचा, आणि आपल्यातले बरेच जण तिथं "चांगला हुक होईल (वळेल) असा पाडा" म्हणून मोकळे होतात. पुण्यात राहणाऱ्याला हे परवडतं. कोल्हापूरकराची गोष्ट वेगळी. लेआउट पटला नाही तर जुनी भोकं प्लग करायची (बुजवायची), प्लग घट्ट होईपर्यंत थांबायचं, मग नवी पाडायची. म्हणजे एका बाजूला सव्वादोनशे किलोमीटरची आणखी एक फेरी. पूर्वी जास्तीचं बॅलन्स होल पाडून थोडीफार डागडुजी करता यायची. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या) नियमांत तेही बसत नाही.

माझ्याकडे एकाच मॉडेलचे दोन बॉल आहेत, सिमेट्रिक (सममित) कोअरचे. पिन ते पॅप (टाकलेला बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं बॉलवरचं टोक) अंतर दोन्हींत साडेचार इंचांच्या आसपास. एकात पिन अनामिकेच्या भोकाच्या वर (पिन-अप), दुसऱ्यात खाली (पिन-डाऊन). मी उजव्या हातानं, अंगठा घालून टाकतो. वेग आणि रेव्ह (बॉलच्या फिरक्या) दोन्ही बेताचे. पुढचं सगळं त्या हिशोबानं वाचा.

पिन-अप दिसायला फार देखणा. लेनला लावलेल्या तेलातून सरळ निघून जातो आणि कोरड्या भागात पोचला की एकदम कोनात वळतो. बॉल-डिझायनर मो पिनेल यांच्या ड्युअल अँगल पद्धतीत सांगायचं तर व्हॅल अँगल (पिन-पॅप रेषा आणि पॅपमधून जाणारी उभी रेषा यांमधला कोन) लहान, म्हणून घसरण्यातून लोळण्यात जाणं झटक्यात होतं. पिन-डाऊनमध्ये तो कोन मोठा. बॉल आधीपासूनच वळायला लागतो आणि लेनच्या टोकाला उभ्या असलेल्या पिनांपर्यंत एकसलग कमान काढत जातो. बॉल उचलून बघितला तर त्यावर उमटलेल्या तेलाच्या कड्याही एकमेकींच्या जवळ दिसतात. खासबागेतल्या भाषेत, पिन-अप हा बाहेरून घिरट्या घालून अचानक डाव टाकणारा पैलवान, तर पिन-डाऊन पहिल्यापासून पकड घेऊन बसलेला.

ताज्या तेलावर, सकाळी पहिल्या गेमला, पिन-अपच सरस हे मीही मान्य करतो. पॉकेटमध्ये (सगळ्यात पुढची हेडपिन आणि तिच्या उजवीकडची पिन यांच्या फटीत) शिरतानाचा त्याचा कोन बघून मन भरतं. पण आपल्याला ताजं तेल मिळतं कधी? इथून निघून मॉलमधल्या अ‍ॅलीत पोचेपर्यंत दुपार झालेली असते. सुटीचा दिवस, प्रत्येक लेनवर वाढदिवसाची पोरं, आणि तिथलेच हाउस बॉल मिळेल तिकडून गेलेले. बाहेरचे बोर्ड (लेनच्या अरुंद पट्ट्या) सुकलेले, मधे तेल शिल्लक, पुढं कुठं कुठं ओढत गेलेलं.

अशा लेनवर पिन-अपनं मला जो वैताग दिला, त्यावरच माझा निकाल लागला. हात तोच, निशाण तेच; पण बॉल बोर्डभर बाहेर गेला की कोरड्यात उसळी मारून हेडपिनच्या नाकावर आदळतो आणि दोन्ही बाजूंना ४-६-७-१० नंबरच्या पिना उभ्या ठेवतो. बोर्डभर आत राहिला तर तेलात घसरत जातो, वळतच नाही. पाय कुठं सरकवावेत हेच कळेना, कारण लागोपाठच्या दोन बॉलांनी सांगितलेलं एकमेकांच्या उलट. आमच्यातला एक जण मागं बसून म्हणाला, "भावा, नुसतं वळून काय उपयोग? पडायला नकोत का?"

त्याच लेनवर पिन-डाऊन घेतला की चूक लहान होते. बोर्डभर इकडं-तिकडं झालं तरी बॉल पॉकेटच्या आसपास येतो. स्ट्राइक नाही पडला तरी एखादी पिन उरते, ती दुसऱ्या बॉलला पाडून स्पेअर करता येतो. हे मी मोजून सिद्ध केलेलं नाही, स्कोअरशीटवर उघडे राहिलेले फ्रेम (ना स्ट्राइक ना स्पेअर) कमी दिसतात एवढंच. खोट आहे, नाही असं नाही. तेल भरपूर असलं की मार जरा सौम्य बसतो आणि कोपऱ्यातली १० नंबरची पिन उगाच बघत उभी राहते.

तुमचा वेग जास्त आणि रेव्ह कमी असतील तर बहुधा पिन-अपच बरा; पिन-डाऊन मिळमिळीत वाटेल. दोन हातांनी टाकणाऱ्यांना मात्र पिन-डाऊन आणखी मानवेल असा माझा अंदाज. असिमेट्रिक कोअरमध्ये ड्रिलिंग अँगलचं (ड्युअल अँगलमधल्या दुसऱ्या कोनाचं) गणित जास्त जाणवतं, तिथं ही तुलना जशीच्या तशी लावू नका.

लेआउटपेक्षा बॉलचा पृष्ठभाग जास्त बोलतो, हेही खरं. पण ते आपल्या हातात राहतं: घासायचे पॅड घरी आणून २००० ग्रिटचा ४००० (जास्त गुळगुळीत) करता येतो, परत २००० वर येता येतं. भोकांचं तसं नाही. म्हणून एकच बॉल पाडायचा असेल तर मी चिठ्ठीवर असं लिहून नेईन: पिन अनामिकेखाली, पॅपपासून साडेचार इंच, पृष्ठभाग ४०००. आणि पॅप आधीच्या बॉलच्या कागदावरून उतरवू नका, समोर दोन-चार बॉल टाकून नव्यानं मोजून घ्या. ते चुकलं तर पिन वर की खाली हा प्रश्नच उरत नाही.