पुरातत्त्वाच्या संस्थांचं सभासदत्व : चौदा महिने वापरून

विभागात नवी बॅच आली की दिवाळीच्या आगेमागे हा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, कोणत्या सोसायटीचं मेंबर व्हावं? सीव्हीवर चांगलं दिसतं म्हणतात." एम.ए.च्या पहिल्या वर्षी मीही हेच विचारत फिरत होते. कोणी म्हणे सगळ्या घे, कोणी म्हणे पैसे पाण्यात. शेवटी इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी, पुण्याची इंडियन सोसायटी फॉर प्रीहिस्टॉरिक अँड क्वाटर्नरी स्टडीज आणि बाहेरची वर्ल्ड आर्किऑलॉजिकल काँग्रेस अशा तिघांची वर्गणी भरली. त्याला आता चौदा महिने झाले. वर्गणीचे आकडे देत नाही, ते बदलत राहतात. भरायच्या आधी ताजे बघून घ्या.

आधी एक घोळ मिटवते. दर वर्षी निदान दोघं तरी विचारतात, "एएसआयचं मेंबर कसं व्हायचं?" होता येत नाही. आर्किऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया हे सरकारी खातं आहे. तिथे नोकरी लागते, सभासदत्व नाही. अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हेचंही तेच. दोघांचीही कार्यालयं आपल्या नागपुरात आहेत म्हणून गल्लत होते. तिथे जरूर जा, लोकांशी बोला, पण पावतीपुस्तक शोधू नका.

सोसायटी म्हणजे अभ्यासकांनी वर्गणी काढून चालवलेलं मंडळ. इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी १९६७ ची, तिचं 'पुरातत्त्व' हे वार्षिक. पुण्याची संस्था १९७६ ची. तिचं इंग्रजी नाव एका दमात सांगता येत नाही म्हणून सगळे आयएसपीक्यूएस म्हणतात. ती डेक्कन कॉलेजच्या आश्रयाने वाढली आणि 'मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट' वर्षातून दोनदा काढते. या दोघी आणि इंडियन हिस्टरी अँड कल्चर सोसायटी मिळून दर वर्षी एकत्र अधिवेशन भरवतात, दर वेळी वेगळ्या गावी. माझ्या लेखी सभासदत्वाचा जीव त्या तीन-चार दिवसांत आहे.

पण सुरुवात अंकांपासून करते, कारण पहिले पाच महिने माझ्या हाती तेवढेच होते. खरं तर तेही नव्हते. फॉर्म भरताना मी जुन्या रूमचा पत्ता दिला आणि महिनाभरात रूम बदलली. पहिला अंक जुन्या घरमालकीणबाईंकडे गेला. त्यांनी तो दाराआड ठेवला आणि मला सांगायचं विसरल्या. संस्थेला मी दोन तक्रारीच्या मेल टाकल्या, मग मालकीणबाईंचा फोन आला, "तुझं एक पुस्तकाचं पाकीट हाये बाई इथं, कधीपासून पडून हाये." माफीची तिसरी मेल टाकावी लागली. तेव्हा पत्ता घरचा द्या, रूमचा नको.

अंक वाचणं जड जातं, खोटं कशाला बोलू. पहिल्या अंकातले अर्धे लेख मला कळले नाहीत. नदीच्या थरांवरचा एक लेख तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्याच तक्त्यावर अडकले. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. वर्गात उत्खनन म्हणजे दोन ओळी असतात : महुरझरी, उत्खनन करणारे शां. भा. देव, महापाषाण (मोठे दगड रचून केलेली थडगी), घोड्याचे अलंकार. परीक्षेत तेवढं लिहिलं की गुण मिळतात. मूळ लेखात मात्र खड्डा किती मीटरचा, कोणता थर कुठे संपला, कोणतं भांडं कोणत्या थरात सापडलं आणि लेखकाला स्वतःला कशाची खात्री नाही, हे सगळं असतं. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे काम आपल्यालाही जमेल. टाकळघाट-खापा, पवनी, नैकुंडची लोखंडाची भट्टी ही विदर्भातल्या उत्खननांची नावं आपण बसच्या पाटीवरच्या गावांसारखी ऐकलेली असतात. नैकुंड तर पारशिवनीच्या रस्त्यावरच आहे, पण त्या भट्टीसाठी तिथे उतरलेलं माझ्या वर्गात कोणी नव्हतं.

आता अधिवेशन. मला पोस्टर लावायचं होतं, विषय जुनापाणी. बाहेरच्यांसाठी सांगते : काटोल रोडला, नागपूर शहरापासून जवळच, सुमारे ३०० शिलावर्तुळं आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. त्यातल्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, त्यांना कप मार्क म्हणतात. १८६७ साली रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खोदकाम केलं आणि पुढे त्या खळग्यांवर लिहिलं. गडी होता कापूस खात्याचा! कापसाचं पीक बघत फिरताना माणसाची नजर दगडांवर गेली. आपण मात्र त्याच रस्त्याने सहलीला जातो आणि चिवडा खाऊन परत येतो.

मी चार रविवार घालवून अकरा वर्तुळांतले खळगे मोजले, फोटो काढले आणि शंकरनगरच्या एका दुकानातून फ्लेक्सवर पोस्टर छापून घेतलं. दुकानदाराने विचारलं, "वाढदिवसाचं हाये का ताई?" रेल्वेत वीस तास ती गुंडाळी मांडीवर धरून बसले.

पोस्टर लावलेल्या बोळात पहिला तासभर कोणी फिरकलं नाही. सगळे चहाकडे. मग एक वयस्कर गृहस्थ आले, चष्मा कपाळावर सरकवून फोटोंना नाक लावलं आणि पहिलं वाक्य काय, तर "हे नाणं कशाला ठेवलंय?" मोजमापासाठी मी पाच रुपयांचं नाणं ठेवलं होतं. ते म्हणाले, नाणी बदलतात, पाच रुपयांचीच बाजारात दोन-तीन प्रकारची आहेत. पट्टी ठेव, आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण कुठे आहे? मी गप्प. मग दुसरा प्रश्न, तो मला आजही पुरतोय : "हे दगड मुळात जसे होते तसेच आहेत, हे तुला कशावरून कळलं? एखादा कलंडला असेल, कोणी उलटवला असेल, तर खळगे खालच्या अंगाला गेले. तू वरचेच मोजलेस ना?"

मी वरचेच मोजले होते.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या माझ्या वहीच्या मागच्या पानावर एका दगडाची आकृती काढून दिली. जमिनीलगतची कड कशी तपासायची, मातीचा डाग दगडावर किती उंचीपर्यंत आहे ते कसं बघायचं. वीस मिनिटं. जाताना नाव विचारलं तेव्हा कळलं की ज्यांचे लेख मी संदर्भसूचीत टाकले होते, त्यांतलेच ते एक. चौदा महिन्यांच्या वर्गणीतलं माझ्या पदरात पडलेलं सगळ्यात मोठं माप हे. आणि ते पडलं कारण माझ्याकडे एक छोटासा, चुकीचा का होईना, पण स्वतःचा मुद्दा होता. माझ्यासोबत आलेली वर्गमैत्रीण नुसतीच ऐकायला आली होती. ती बॅग, पेन आणि बिल्ला घेऊन परतली आणि आता सगळ्यांना सांगते की अधिवेशनात काही दम नाही. तिचंही खोटं नाही. समोर काहीच मांडलेलं नसेल तर मोठी माणसं मोठ्या माणसांशीच बोलत बसतात. जेवणाच्या रांगेतही.

वर्ल्ड आर्किऑलॉजिकल काँग्रेस मी हौसेनेच घेतली. १९८६ साली साउदॅम्प्टनला ती उभी राहिली, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रतिनिधींना बोलवायचं की नाही या भांडणातून. १९९४ साली दिल्लीतही तिचं अधिवेशन झालं. रोजच्या वापरात म्हणाल तर मेल येतात आणि वाचायच्या राहतात. परदेशातल्या अधिवेशनाचं विमानभाडं मला झेपणारं नाही. पण एक गोष्ट तिच्यामुळे वाचली गेली : १९८९ चा व्हर्मिलियन करार, मानवी अवशेषांचा मान कसा राखायचा याबद्दलचा. तो वाचून जुनापाणीला गेले तर शेतात निंदण करणाऱ्या आजींनी हटकलं, "तिकडं पायातलं काढून जाय वो पोरी, मेलेल्यायची जागा हाये थे." कराराचा मजकूर मी परीक्षेपुरता पाठ केला होता, आजींचं वाक्य पाठ करावं लागलं नाही. या संस्थेचं नूतनीकरण मात्र यंदा केलेलं नाही. नोकरी लागली की बघू.

मानवशास्त्रवाल्यांसाठी माझा स्वतःचा अनुभव नाही. माझी शाळेपासूनची मैत्रीण पुण्याला मानवशास्त्रात एम.ए. करते, सुट्टीत नागपूरला येते. तिने दिल्लीची इंडियन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन घेतली. त्यांचं 'इंडियन अँथ्रोपॉलॉजिस्ट' १९७१ पासून निघतं. तिचं म्हणणं, जुने अंक जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर विद्यापीठाच्या लॉगिनने मिळतातच, त्यामुळे नुसत्या वाचनासाठी सभासद होणं म्हणजे विहिरीकाठी राहून पाण्याची बाटली विकत घेणं. ती गडचिरोलीत माडियांच्या गावी कामाला जाते. तिथल्या मुलाखतींवर लेख लिहिताना परवानगी कशी नोंदवायची, नावं कशी झाकायची, हे तिला सभासदांच्या ओळखीतून शिकायला मिळालं. आणखी दोन नावं तिने सांगितली : शरच्चंद्र रॉय यांनी रांचीहून १९२१ साली सुरू केलेलं 'मॅन इन इंडिया' आणि धी. ना. मजुमदारांच्या लखनौच्या संस्थेचं 'ईस्टर्न अँथ्रोपॉलॉजिस्ट'. तिच्या मते विद्यार्थ्याने आधी ग्रंथालयात ही दोन्ही चाळावीत, मग खिशात हात घालावा.

एक कडू अनुभव. वरच्या तिघींशिवाय एका चौथ्या ठिकाणीही मी पैसे भरले होते, नाव घेत नाही. फॉर्मवर दोन जुन्या सभासदांच्या सह्या मागितल्या, त्या मी दोन आठवडे हिंडून मिळवल्या. पैसे ऑनलाइन गेले, पावती आली नाही. तीन मेल, चार फोन. एकदा फोन उचलला गेला आणि पलीकडून उत्तर आलं, "सचिव बदललेत, नवीन रजिस्टर व्हायचंय." ते रजिस्टर अजून व्हायचंच आहे. अशा बऱ्याच संस्था दोन-चार प्राध्यापकांच्या फावल्या वेळावर चालतात हे मला समजतं, पण विद्यार्थ्याला ती रक्कम महिन्याच्या मेसच्या हिशोबात बोचते. म्हणून आता मी आधी विचारते : शेवटचा अंक कधी निघाला? शेवटचं अधिवेशन कधी झालं? याचं सरळ उत्तर मिळालं तरच पैसे.

आणि घरचं सोडून बाहेर धावू नका. विदर्भ संशोधन मंडळ आपल्या गावचं आहे. ताम्रपट-शिलालेखांचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या माणसांनी वाढवलेलं. त्याच्या वार्षिकात मराठीत लिहिता येतं. इंग्रजीत माझा मुद्दा अर्धा सांडतो, मराठीत पूर्ण पोचतो, आणि वाचणारा माणूस रामटेक-नगरधनला स्वतः जाऊन आलेला असतो. ताम्रपट-शिलालेखांकडे ओढा असेल तर म्हैसूरची एपिग्राफिकल सोसायटी, नाण्यांकडे असेल तर वाराणसीची न्युमिस्मॅटिक सोसायटी. माझा त्या दोन्हींशी संबंध आलेला नाही.

यंदा मी दोन्ही भारतीय संस्थांची वर्गणी पुन्हा भरली. जुनापाणीचे अकराही वर्तुळ पट्टी आणि बाण घेऊन नव्याने मोजायला घेतलेत. सहा झाले. त्यातल्या दोन दगडांच्या जमिनीलगतच्या कडेला हात घातला तर बोटांना खळगे लागले, आधीच्या मोजणीत नसलेले. उरलेले पाच उन्हं तापायच्या आत उरकायला हवेत. मे महिन्यात त्या माळावर सकाळी नऊनंतर उभं राहता येत नाही.

'मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट'चा पुढचा अंक अजून यायचा आहे. घरच्या पत्त्यावरच मागवलाय या वेळी. पोस्टमनकाकांना रोज विचारणं मी बंद केलं, तर आता तेच गल्लीच्या तोंडाशी सायकल वळवताना लांबूनच हात हलवून सांगतात, "नाही आलं बाप्पा!"