दहा हजार वॅटचा डबा आणि आत्याचा गेलेला ॲम्प्लिफायर

ज्यांच्या घरी जुना टेप-ॲम्प्लिफायर आहे आणि तो रोज ऐकणारं म्हातारं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'म्युझिक सिस्टिम घरपोच दुरुस्त करून मिळेल, जुनी देऊन नवी घ्या' असा कागद पेपरात घालून येतो. त्या नंबरवरून आलेल्या माणसाने मिरजेत माझ्या आत्याकडून साडेसतरा हजार रुपये काढले. पैसे गेले ते गेलेच, वर घरातली चांगली वस्तू तो उचलून घेऊन गेला.

आत्या ७८ वर्षांची, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली. घरात आतोबांनी हौसेने जमवलेला संच: भारतीय बनावटीचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि सुताराकडून सागवानी खोकी करून घेऊन बसवलेले दोन स्पीकर. गेल्या पावसाळ्यात डावीकडचा आवाज बंद झाला. व्हॉल्यूमचं बटण हलवलं की खरखर व्हायची आणि मग थोडा वेळ दोन्हीकडून नीट वाजायचं. चार रेडिओ उघडलेल्या कुणालाही हे लक्षण ओळखू येतं. व्हॉल्यूम कंट्रोलच्या आत धूळ आणि दमटपणाने थर बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारायचा, बटण वीस-पंचवीसदा गरागरा फिरवायचं, बहुतेक वेळा काम होतं. खर्च दोन-तीनशे रुपये.

त्या माणसाने झाकणाचा एक स्क्रूही काढला नाही. "आजी, पॉवर आयसी गेलाय. कंपनी बंद पडली, पार्ट मिळणार नाही." आता गंमत अशी, की त्या ॲम्प्लिफायरमध्ये पॉवर आयसी, म्हणजे स्पीकरला ताकद देणारी चिप, नव्हताच. मागे हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, तेच काम करणारे २एन३०५५ हे सुटे ट्रान्झिस्टर उघडे दिसायचे, मी लहानपणापासून पाहिलेत. ते आजही पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. पण आत्याला हे कुठून माहीत असणार? "जुना माल भंगारातच जायचा, तरी तुमच्यासाठी बाराशे धरतो," असं म्हणून त्याने ॲम्प्लिफायर खाली गाडीत नेऊन ठेवला. नवा संच लावण्याच्या आधी. हा क्रम लक्षात ठेवा. जुनी वस्तू एकदा उंबऱ्याबाहेर गेली की माणसाला 'नको' म्हणायला जागा उरत नाही. स्पीकरही तो नेणार होता, पण खोकी आतोबांनी करून घेतलेली म्हणून आत्या अडून बसली. तेवढे वाचले.

मग आला नवा संच. कमरेएवढे दोन काळे टॉवर, प्रत्येकावर तीन-तीन गोल, यूएसबी, ब्लूटूथ, एफएम, रिमोट आणि गाण्याच्या ठेक्यावर निळे-लाल उघडझाप करणारे दिवे. पुढे सोनेरी अक्षरांत '१०,००० वॅट पीएमपीओ'. अभंग लावला तरी दिवे वरातीसारखे नाचतात. आत्याने विचारलं, "दिवे बंद कसे करायचे?" तर म्हणे तशी सोय नाही. पक्क्या बिलाचं विचारल्यावर "जीएसटीचे अठरा टक्के उगाच कशाला भरता" हे ठरलेलं उत्तर मिळालं आणि साध्या पॅडवर कच्ची पावती. वॉरंटी कार्ड म्हणजे झेरॉक्स, त्यावर सिरियल नंबरची जागा कोरी.

फसवणूक ओळखली ती आत्यानेच, आणि तिला वॅट-बिट काही कळत नाही. तिने फोनवर मला सांगितलं, "आवाज मोठा आहे रे, घुमतो पण छान. तंबोऱ्याची जवारी मात्र कुठे गेली कळत नाही बघ." जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा तो झणझणता नाद. मिरज हे तंबोरे करणाऱ्यांचं गाव. इथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात उभं आयुष्य संगीत शिकवलेली बाई जवारी हरवली म्हणते, तेव्हा ते वयाचं ऐकणं म्हणून सोडून देता येत नाही. मी तिला म्हटलं, "आत्या, सगळ्यात वरच्या गोलाला कान लावून बघ." तिने लावला. तिथून काहीच येत नव्हतं.

पुढच्या सुट्टीत जाऊन मी डबा उघडला. वरचा गोल, म्हणजे ज्याला ट्विटर म्हणायचं तो, नुसता प्लॅस्टिकचा घुमट होता. मागे चुंबक नाही, वायर नाही. जवारीतून उठणारे वरचे बारीक स्वर वाजवायचं काम त्याचं, आणि तोच खोटा. तळाशी सिमेंटचा ठोकळा चिकटवलेला, वजन भरावं म्हणून. ॲम्प्लिफायरच्या बोर्डावर टीडीए२०३० हे दोन आयसी. हा आयसी चार ओहमच्या स्पीकरवर साधारण १४ वॅट देतो. म्हणजे दोन्ही बाजू मिळून अठ्ठावीस. ट्रान्सफॉर्मरवर छापलेलं होतं १२-०-१२, ३ अँपिअर. म्हणजे चोवीस व्होल्ट गुणिले तीन अँपिअर, बहात्तर वॅट. आत येतानाच जिथे बहात्तरच्या वर काही नाही, तिथून दहा हजार बाहेर कसे पडतील?

हे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. दहा हजार वॅट ओढायचे तर त्रेचाळीसहून जास्त अँपिअर लागतील. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो आणि दोन हजार वॅटचा गिझर त्यावर लावतात. म्हणजे हा डबा पाच गिझरच्या ताकदीचा, आणि त्याला टेबलफॅनसारखी बारीक दोन पिनांची वायर! पीएमपीओ या आकड्याला कसलंही ठरलेलं माप नाही, छापणाऱ्याच्या मनाला येईल तो आकडा. 'आरएमएस' वॅट, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, किती ते विचारायचं, आणि पाठीमागच्या पट्टीवर वीज किती खाते ते वाचायचं. बैठकीच्या खोलीत एका माणसाला ऐकायला वीस-तीस खरे वॅट पुष्कळ होतात.

त्या माणसाचा फोन आधी लागायचा, मी नाव सांगितल्यावर लागेनासा झाला. नशिबाने आत्याच्या शेजारच्या मुलाने पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे घेणाऱ्याचं खात्यावरचं नाव हाताशी होतं. ते, कच्ची पावती, तो पेपरातला कागद आणि उघडलेल्या डब्याचे फोटो घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवरही तक्रार नोंदवली. त्यानंतर एका भलत्याच नंबरवरून फोन आला, "मिटवून टाकू", आणि नऊ हजार परत आले. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. रोख पैसे दिले असते तर यातलं बरंचसं हवेत राहिलं असतं.

आत्याकडे आता पक्क्या बिलाचा एक छोटा दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर आहे. तिचेच सागवानी स्पीकर त्याला जोडलेत, ते आठ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), त्या ॲम्प्लिफायरला चालणारे असल्याने कसली अडचण आली नाही. लाल-काळी टोकं दोन्हीकडे सारखीच लावली. एक वायर उलटी लागली तरी आवाज बंद पडत नाही, फक्त पोकळ होतो, आणि घाईत जोडणारे हे हमखास करतात. कॅसेट डेक एका जागी लावून सिलेक्टर, म्हणजे कुठून वाजवायचं ते निवडायचं बटण, तिथेच ठेवलाय. आत्याला चालू-बंदचं एक बटण आणि आवाजाचं एक बटण, याच्या पलीकडे कशालाही हात लावावा लागत नाही. जवारी ऐकू येते म्हणाली, पण उजवा स्पीकर जरा 'बसलेला' वाटतो तिला. कडेचा फोम विरलाय, तो बदलून घ्यायचा आहे.

जुना ॲम्प्लिफायर मात्र मिळालेला नाही. मला खात्री आहे की तो भंगारात गेलेला नसून फवारा मारून कुठेतरी विकायला ठेवलेला असणार. सांगली, कोल्हापूरच्या जुन्या बाजारात कुणी जात असेल तर बघा: ॲल्युमिनियमची पुढची पट्टी, दोन्ही बाजूंना लाकडी गाल, आणि व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी लाल नेलपेंटचा ठिपका.