रेसिंग कॅमचे पैसे घेतले, पट्टा एक दात सरकवून दिला

गाडी आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, नीट उभी राहत नाही, भुर्र-भुर्र करत वर-खाली होते, आणि गॅरेजवाला हसून म्हणतो, "रेसिंग कॅम आहे साहेब, असंच वाजणार." कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा. हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं असेल तर पुढचं वाचा. याच एका वाक्यावर माझ्याकडून 62,000 रुपये घेतले गेले. गॅरेजचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण पद्धत कळली की ओळखायला अवघड नाही.

गाडी जुनी मारुती एस्टीम, सोळा व्हॉल्व्हचं 1300 सीसी इंजिन. आमच्याकडे ऑटोक्रॉस आणि छोट्या रॅलीत उतरणाऱ्यांचं हे आवडतं इंजिन. पहिल्या स्विफ्टमध्येही हेच होतं आणि कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर धावणाऱ्या एलजीबी फॉर्म्युला 4 गाड्यांमध्येही स्विफ्टचंच 1300 चं पेट्रोल इंजिन असतं. त्यामुळे पार्ट मिळतात, काम येणारे मिस्त्री मिळतात, आणि या इंजिनाच्या नावावर दुकान मांडणारेही मिळतात.

ठरलं होतं ते असं: परदेशी प्रोफाइलचा कॅम 28,000, हेडचं पोर्टिंग (हवेचे मार्ग घासून मोकळे करणं) 18,000 आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, जोडीला लावायचा ट्यूनिंगचा डबा 16,000. बिल कच्चं, साध्या कागदावर. गाडी हातात आली तेव्हा आयडलला बाराशे आरपीएमवरून (मिनिटाला फेऱ्या) बावीसशेवर जायची, परत बाराशेवर, परत वर. खाली पिकअप मेलेला, वर थोडा बरा. "आता ही सात हजारालाच जागी होते," असं सांगून सोबत डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) एक ग्राफ दिला. त्यावर ना तारीख, ना गाडीचा नंबर.

आता हे थोडं समजून घ्यायला हवं, कारण फसवणूक नेमकी इथे आहे. त्या माणसाने सांगितलेलं शास्त्र खोटं नव्हतं. रेसिंगचा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. एक्झॉस्ट बंद व्हायच्या आत इनटेक उघडतो आणि काही काळ दोन्ही एकदम उघडे असतात. त्याला ओव्हरलॅप म्हणतात. जास्त आरपीएमला हा ओव्हरलॅप सिलिंडर भरायला मदत करतो. कमी आरपीएमला मात्र जळलेला गॅस उलटा इनटेकमध्ये शिरतो, मिश्रण खराब होतं, मधूनच एखादा स्ट्रोक नीट पेटत नाही. म्हणून खऱ्या मोठ्या कॅमचं आयडल खडबडीत असतं. हे सगळं खरं. खोटं होतं ते एवढंच, की माझ्या इंजिनात तो कॅम नव्हता.

बिघडलेलं आयडल हाच पुरावा म्हणून विकला जातो. गिऱ्हाइकाला आतलं काही दिसत नाही, त्याला आवाज ऐकू येतो. चहाच्या टपरीवर दोन पोरं वळून बघतात आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. आणि आवाज बिघडवायला खर्च शून्य!

मी तक्रार केली की तो गाडी ठेवून घ्यायचा आणि दरवेळी काहीतरी लावायचा: आयडल व्हॉल्व्ह साफ केला, इंजेक्टर धुतले, ईसीयूचा मॅप बदलला. त्याचे पैसे वेगळे, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. फरक शून्य. शेवटी गाडी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसतं ऐकलं.

"कॅमचा आवाज हाय म्हणतोस? कॅमचा आवाज असा झोके घेत न्हाई रं. त्यो अडखळतोय जागच्या जागी. हे हंटिंग हाय."

हा फरक कानात बसवून घ्या. मोठ्या कॅमचं आयडल वेडंवाकडं, पण झटपट अडखळतं, आरपीएमचा काटा फार लांब जात नाही. हंटिंग म्हणजे सावकाश, ठराविक वर-खाली, झोपाळ्यासारखं. ते बहुतेक वेळा हवा, सेन्सर किंवा ईसीयूशी संबंधित असतं.

मामांनी नेहमीच्या क्रमाने शोध घेतला. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर कार्ब क्लीनरचा फवारा मारला. तिथून हवा शिरत असेल तर आरपीएम बदलतो. बदलला नाही. व्हॅक्यूमच्या नळ्या, प्लग, अर्थिंग, फ्युएल प्रेशर, सगळं ठीक. मग नजर गेली थ्रॉटल बॉडीच्या स्टॉप स्क्रूवर. या स्क्रूवर कंपनीने लावलेली रंगाची खूण फुटलेली होती आणि स्क्रू आत फिरवलेला होता, म्हणजे पाय काढला तरी आतलं फुलपाखरू (हवेची झडप) थोडं उघडंच. शिवाय थ्रॉटल पोझिशन सेन्सर सैल करून असा फिरवला होता की ईसीयूला वाटावं, पाय पूर्ण काढलेला आहे.

मग काय व्हायचं? जादा हवेने आरपीएम चढायचा. ईसीयूला दिसायचं की पाय तर काढलेला आहे आणि आरपीएम वर आहे, म्हणजे गाडी उतारावर इंजिन ब्रेकवर असणार. तो पेट्रोल तोडायचा. आरपीएम पडला की परत द्यायचा. परत चढायचा. हेच ते "रेसिंगचं वाजणं".

स्क्रू आणि सेन्सर जागेवर आणल्यावर इंजिन साडेआठशेला उभं राहिलं. मामांचा संशय इथेच पक्का झाला, कारण खरा मोठा कॅम असता तर ते इतक्या खाली असं शांत उभं राहिलंच नसतं. पण जीव अजून नव्हता. इनटेकमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. धडधाकट स्टॉक इंजिनाला समुद्रसपाटीला साधारण 17 ते 21 इंच मिळतात, कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून दोनेक इंच कमी धरायचे. आमचा काटा बाराच्या आसपास. मोठ्या कॅमलाही व्हॅक्यूम कमीच येतो, पण तिथे काटा थरथरतो. हा मात्र खिळल्यासारखा स्थिर होता. कमी आणि स्थिर असेल तर टायमिंग मागे असल्याचा, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघड-बंद होत असल्याचा, संशय घ्यायचा. कम्प्रेशन टेस्टही केली होती, तीही कमी आली, पण तिच्यावर विसंबू नका. मोठा कॅम असो की टायमिंग मागे गेलेलं असो, दोन्हीत इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि कम्प्रेशन पडतं. त्या टेस्टने त्या माणसाचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याचं कव्हर काढलं. क्रँकची खूण जागेवर, कॅमच्या पुलीची खूण एक दात मागे. कॅम उशिरा चालला की खालची ताकद जाते आणि वरची त्यामानाने शाबूत राहते, म्हणजे चालवताना हुबेहूब रेसिंग कॅमचा भास. चुकून बसलेला दात असेल अशी शंका मलाही आली. पण चुकून बसलेला दात, चुकून फिरलेला स्क्रू आणि चुकून सरकलेला सेन्सर, तिन्ही एकाच दिशेला?

टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्हच्या रिटेनरवर डायल गेज टेकवला आणि क्रँक हाताने फिरवत लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, मोजली. शेजारच्या शेडमध्ये दुसऱ्या एस्टीमचं स्टॉक हेड पडलं होतं, त्यावरही मोजली. सारखी. मग कॅम बाहेर काढून लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) उंची आणि मागचा गोल भाग मायक्रोमीटरने मोजला. कॅम घासून नवा प्रोफाइल दिला असेल तर मागचा गोल लहान होतो. तोही स्टॉकइतकाच. पोर्टला ग्राइंडर लागलेलाच नव्हता, आत कास्टिंगची खरखर तशीच. आणि 16,000 चा डबा उघडला तर आत फक्त पॉवर आणि अर्थच्या वायरी जोडलेल्या, एक दिवा लुकलुकतोय. इंजेक्टर किंवा सेन्सरकडे एकही वायर नाही.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? स्पर्धेच्या फॉर्मवर मी प्रामाणिकपणे कॅम आणि हेडचं काम लिहीत होतो. आपल्याकडे वर्ग इंजिनाच्या सीसीवर आणि किती बदल केलेत त्यावर ठरतात. म्हणजे स्टॉक कॅम, त्यातही एक दात मागे, घेऊन मी मोडिफाइड वर्गातल्या खऱ्या बांधलेल्या गाड्यांशी भिडत होतो. पट्टा जागेवर बसवल्यावर तीच गाडी काहीही न घालता आधीपेक्षा जोरात पळायला लागली.

फोन केला तेव्हा उत्तर तयार होतं: "आम्ही कॅम घातला होता, तुमच्या मिस्त्रीने काढून घेतला." याला तोड एकच: जुना कॅम. खरोखर बदलला असेल तर माझा मूळ कॅम कुठे आहे? तो आधी म्हणाला भंगारात दिला, नंतर म्हणाला घासून तोच बसवला. बिलावर परदेशी प्रोफाइल लिहिलंय, तेव्हा नवा म्हणाला होता. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, आणि मामांच्या मोजमापाचा व्हिडिओही.

म्हणून काम देताना आधी कॅमचं कार्ड मागा: लिफ्ट किती, ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो ते) किती. खरा कॅम विकणारा हे आकडे न मागता सांगतो. बसवण्याआधी जुन्या आणि नव्या कॅमचा मायक्रोमीटर लावून फोटो घ्या, जुना पार्ट घरी न्या, थ्रॉटलच्या स्क्रूवर आणि टॅपेट कव्हरच्या बोल्टवर स्वतःच्या रंगाचा ठिपका द्या. बिल जीएसटीचं घ्या. माझं कच्चं होतं, पण पैसे ऑनलाइन गेले होते म्हणून निभावलं. वकिलाची नोटीस गेली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून (पूर्वीचं ई-दाखिल) तक्रार घरबसल्या भरता येते, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत. चौकशीला 1915 ही हेल्पलाइन आहे.

त्याच गॅरेजमध्ये सध्या एका ओळखीच्या पोराची जिप्सी याच कामासाठी उभी आहे. त्याला कॅमचं कार्ड मागायला सांगितलं. त्याने मागितलं. उत्तर आलं, "कार्ड कंपनी देत नाही भावा, आवाज ऐकलास की कळेल."