हब मोटर: गिअरवाली की डायरेक्ट?

भाचा पेचात पडलाय: "मामा, इलेक्ट्रिक सायकलला मोटर कुठली घेऊ?" दोन्हीकडे 250 वॅटच, फरक हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, पोटात; मोटर तिथेच बसते.

गिअरवालीत नायलॉनची छोटी दातेरी चाकं मोटरचा वेग उतरवून जोर वाढवतात. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत दर दहा पावलांवर थांबा, तिथे ही झटकन उचलते. हलकी असते. बॅटरी संपली तरी आतल्या फ्रीव्हीलमुळे (चाक मोटरपासून सुटं फिरू देणारा भाग) पेडल जड होत नाही. दाते मात्र झिजतात, आणि बारीक घूंऽऽ ऐकू येतंच.

डायरेक्टमध्ये मोटर गिअरविना थेट चाक फिरवते; बेअरिंगशिवाय झिजायला फारसं काही नाही, आवाजही जवळपास नाही. पण धूड जड, आणि बॅटरी संपली की चुंबकं चाक मागे ओढतात.

भाचा तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, त्याला गिअरवालीच. सुपर कॉरिडॉर या मोठ्या रस्त्यावर रोज सरळ लांब जाणाऱ्याने डायरेक्ट घ्यावी.