संध्याकाळची तलफ आणि शून्य टक्के बीअर

पिणे कमी करायचे ठरवलेल्या माणसाची सकाळ आणि दुपार सहसा बरी जाते. कसोटी लागते ती संध्याकाळी सातनंतर, कामावरून घरी आल्यावर, पोट रिकामे असताना आणि हाताला काही उद्योग नसताना. नेमक्या त्या वेळी अल्कोहोल नसलेली बीअर कितपत उपयोगी पडते, हे मी गेले काही महिने स्वतः वापरून पाहिले. आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी बीअर घेणाऱ्या आणि ती सवय शनिवारपुरती आणू पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे. रोज व्हिस्कीचे पेग भरणाऱ्याला यातले सगळेच लागू पडणार नाही.

दुकानात या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि त्यांतला फरक विकत घेण्यापूर्वी समजून घेतला पाहिजे. हायनेकेन 0.0 सारखी बीअर आधी नेहमीच्या पद्धतीने आंबवली जाते आणि मग तिच्यातले अल्कोहोल कमी दाबाखाली, कमी तापमानाला उडवून काढले जाते, त्यामुळे हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा बऱ्याच अंशी टिकतो. दुसरा प्रकार लिंबू किंवा इतर फळांच्या स्वादाच्या माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) पेयांचा. तहान भागवायला ती चांगली असली तरी त्यांतली काही इतकी गोड असतात की बीअरच्या तलफेवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही; मी आणलेल्या अशा एका पेयाची अर्धी बाटली तशीच राहिली. मागच्या बाजूचा पोषणतक्ता वाचून साखर पाहावी आणि मगच उचलावे.

पहिल्या प्रकारची बीअर मात्र मनापासून आवडली. कॅन उघडताना होणारा फस्सकन आवाज, पेल्यात चढणारा फेस आणि पहिल्या घोटाची कडू चव, हे सारे ओळखीचे आहे. फेस नेहमीच्या बीअरपेक्षा लवकर बसतो, आणि पेय कोमट होऊ लागले की भिजवलेल्या सातूच्या पिठासारखा वास वर येतो, म्हणून ती अगदी थंडगार प्यावी. नेहमीच्या बीअरमध्ये अल्कोहोलमुळे जिभेवर जो भरीवपणा जाणवतो तो इथे नाही आणि शेवटचे घोट पाणचट लागतात. तरीही जेवणापूर्वीचा तो अर्धा तास हातात पेला असतो, घोट घेत गप्पा होतात आणि डोके स्वच्छ राहते, हे या वस्तूचे खरे मोल आहे. संध्याकाळी आपण ज्याला दारूची तलफ म्हणतो तिच्यात नशेइतकाच वेळेचा, चवीचा आणि दिवस संपल्याच्या खुणेचा वाटा असतो, आणि तो वाटा ही बीअर बऱ्यापैकी सांभाळते.

इथेच एक इशारा देणे मला अत्यंत गरजेचे वाटते. 2013 साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी पुरुषांना नशा येणारच नाही इतकी थोडी, म्हणजे सुमारे 15 मिली, बीअर तोंडात थोडी थोडी फवारून दिली आणि मेंदूचे चित्रण केले. केवळ चवीनेच मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेत, म्हणजे सुखाची ओढ लावणाऱ्या भागात, डोपामाइन हे रसायन वाढल्याचे त्यांना दिसले, आणि ज्यांच्या घराण्यात मद्यासक्तीचा इतिहास होता त्यांच्यात ते अधिक ठळक होते. म्हणजे जी चव एकाची तलफ शमवते तीच दुसऱ्याची भडकवू शकते. शून्य टक्क्याची एक बाटली संपल्यावर मन शांत होते की खऱ्या बीअरकडे धाव घेते, हे पहिल्या काही दिवसांत प्रामाणिकपणे पाहावे; दुसरी गोष्ट घडत असेल तर ही वस्तू आपल्यासाठी नाही असे समजून सरळ सोडून द्यावी.

माझ्या बाबतीत ती शांत करते, पण एकट्याच्या बळावर नाही. घरी येताच आधी काही खाल्ले, मग ती थालीपीठाची चतकोर असो की मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि काकडी, की तलफेचा निम्मा जोर तिथेच ओसरतो, कारण त्यातली बरीचशी भूकच असते. तलफ चढते, थोडा वेळ टिकते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते; तेवढा वेळ निभावण्यासाठी बाटली हे केवळ एक साधन आहे. काही संध्याकाळी तेच काम कोकम आगळ, चिमूटभर सैंधव, जिरेपूड आणि सोडा यांनी कितीतरी कमी खर्चात केले. आंबट-खारट चवीची ती धार गोडापेक्षा तलफेला अधिक चांगली उत्तर देते, असे माझे मत आहे.

खरेदी कुठे करावी यालाही महत्त्व आहे. ही बीअर सुपरमार्केटमध्ये आणि घरपोच सेवांवर मिळते; तिच्यासाठी वाईन शॉपची पायरी चढू नये, कारण तिथे शेजारच्याच फ्रिजमध्ये नेहमीची बाटली डोळ्यांसमोर उभी असते. खोका भरून आणण्यापेक्षा दोनच बाटल्या आणाव्यात. शीतपेयाच्या मानाने किंमत जास्त आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. उष्मांकांचा विचार केला तर हायनेकेन 0.0 च्या 330 मिली बाटलीत साधारण 69 कॅलरी असतात, म्हणजे नेहमीच्या बीअरच्या निम्म्याच्या आसपास. पण शून्य अल्कोहोल म्हणजे शून्य साखर नव्हे, हे मधुमेह असलेल्यांनी विसरू नये.

ज्यांनी दारू पूर्ण सोडली आहे त्यांनी या बाटलीच्या वाटेला जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तोच पेला, तोच वास आणि तीच वेळ जुन्या वाटेवर नेऊ शकते. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे, दारूसोबत घेतल्यास त्रास होणारे डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असली कोणतीही बाटली उघडू नये, कारण शून्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पेयांत अल्कोहोलचा अंश असू शकतो. आणि ज्यांचे हात सकाळी पेग घेतल्याशिवाय थरथरतात, घाम फुटतो किंवा झोप लागत नाही, त्यांनी बीअर बदलून किंवा मनाच्या हिय्यावर एकदम थांबून पाहू नये. अशा माणसाला दारू अचानक तोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी जिवावर बेतू शकते. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे केंद्र व्यसनमुक्तीचे काम करत आहे, आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.